मधल्या सीटवरून

क्लिप अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी होती. खाली पोलादाची चपटी जीभ, जिभेला मधोमध चौकोनी भोक, वर काळ्या प्लॅस्टिकची मूठ आणि मुठीवर उठावात कोरलेलं वाघाचं तोंड. चालकाच्या सीटशेजारी पट्टा अडकवायचं जे कुलूप असतं त्यात ती इतकी घट्ट बसली होती की वरवर बघणाऱ्याला गाडीचाच भाग वाटावी. पण तिला पट्टा नव्हता. पट्टा तिकडे दाराजवळच्या खांबावर गुंडाळून पडला होता. वैजयंतीने खिडकीतून हात घालून तो हातभर ओढून बघितला. कापडाला अजून पहिली घडी होती. कडेचा एक तंतूसुद्धा सुटलेला नव्हता. कुलपाचं लाल बटण कोरं, नखाचा ओरखडा नाही. वाघाचं नाक मात्र झिजून पांढुरकं पडलं होतं. म्हणजे आधीच्या मालकाचा हात येता-जाता वाघावर पडत होता आणि पट्ट्याला कधीच लागला नव्हता. पट्टा न लावता गाडी चालवली की गाडी टिंग-टिंग वाजत राहते, ते वाजणं बंद करायला ही क्लिप. ती आत खुपसली की गाडीची समजूत पटते, माणूस बांधलेला आहे. तिने पट्टा सोडला. तो सरसर आत गेला आणि खांबावर टक्‌ करून आपटला. तेवढ्या आवाजाने तिने हात चटकन बाहेर घेतला.

"बघितलीस का आतनं?" शिवराज मागून म्हणाला. "शोरूममधल्या गाडीला हे असलं लेदर मिळतंय का, सांग."

"हे बघा," ती म्हणाली आणि क्लिपकडे बोट दाखवलं.

नवऱ्याने वाकून बघितलं आणि तो हसला. "हां, हे बरंय की. कटकट नाही. इंद्या, हे बघ, आधीच बसवलंय रे."

विजापूर रस्त्याला लागून मुबीनभाईचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. पत्र्याची लांब शेड, तिच्याखाली तोंडं रस्त्याकडे करून उभ्या केलेल्या गाड्या, आणि प्रत्येक काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेला कागद. एप्रिलातला रविवार, सकाळ अजून सरली नव्हती, तरी पत्रा तापून तडतडायला लागला होता. सगळं घर आलं होतं. शिवराज, पाटबंधारे खात्यात नोकरीला, सुटीच्या दिवशीही इस्त्रीच्या शर्टात. त्याचा धाकटा भाऊ इंद्रजीत, अकलूजहून पहाटेच्या एसटीने खास गाडी पारखायला आलेला, कारण घरात गाडीतलं त्यालाच कळतं असं ठरून गेलं होतं. सासूबाई, बजाबाई, करमाळ्याकडच्या. गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसवलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. आणि वैष्णवी, तेरा पुरी होऊन चौदावं लागलेली, जी आत्ता शेडच्या खांबाला टेकून उभी होती. उजवा हात सरळ लोंबकळता, डावा कोपरात किंचित वाकलेला. तो तसाच असतो. झोपेतही तो तसाच असतो.

"डॉक्टरसाबकी गाडी थी, मॅडम," मुबीनभाई वैजयंतीला म्हणाला. तो मघापासून ताडत होता की या घरात पटवायचं राहिलंय ते एवढंच माणूस. "एकच हात चली है. डॉक्टरसाब काय, घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. टायर देखो, मागचं शीट देखो, कुणी बसलंच न्हाई असं."

"पट्टाही कुणी लावला नाही," ती म्हणाली.

"गावातल्या गावात कोण लावतो, मॅडम?" तो मनापासून म्हणाला.

गाडी घ्यायची हे दिवाळीपासून चाललं होतं. बुटकी गाडी नको, उंच बसायची हवी, कारण आजींना खाली वाकून बसता येत नाही आणि बसल्यावर उठता येत नाही. पण फार मोठीही नको, जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीत वळायला पाहिजे. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. त्यापुढे घराचे दोन तट पडले, म्हणजे एका बाजूला घर आणि एका बाजूला वैजयंती. घराला वरचं मॉडेल पाहिजे होतं, छताला काच असलेलं, आणि ते जुनंच परवडणार होतं. वैजयंतीला नवं पाहिजे होतं, सगळ्यात साधं चाललं असतं, पण पाचही जणांना खांद्यावरून येणारा पट्टा, मधल्या सीटलासुद्धा डोकं टेकायला उशी, आणि सहा एअरबॅग. ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. कुठल्या गाडीची धडक-चाचणी कशी झाली, बाहुल्यांच्या छातीवर किती दाब आला, हे ती महिनोन्‌महिने वाचत होती, आणि जेवताना, भाकरी वाढता वाढता, थोडक्यात सांगत होती. शिवराज ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, "एअरबॅग सहा आहेत म्हणून काय रोज धडकायचं का गं?" आणि सगळे हसायचे. सगळे म्हणजे वैष्णवीही. एकदा फोनवर इंद्रजीत म्हणाला होता, "वहिनी, तुमी सायन्सवाल्या लई इचार करता. नव्या गाडीला शोरूमच्या भायेर काढली की तिथंच तिची किंमत पडती. जुनी गाडी म्हंजे कुणीतरी आधीच पाडून ठिवलेली." तो बुद्धिमान माणूस होता, हेच वाईट होतं. त्याच्या बोलण्यातलं प्रत्येक वाक्य सुटं सुटं खरं असायचं.

"बसून तर बघू," शिवराज म्हणाला. "आई, बस. बघ गुडघ्याला कसं वाटतंय."

बजाबाईंना मागे डावीकडे बसवलं. त्या बसल्या, सीट दाबून बघितली, "पलंगावानी हाय की," म्हणाल्या. वैष्णवी उजव्या दाराने आत शिरणार, तेवढ्यात थांबली आणि आईकडे बघू लागली. कारण आधी आईने जायला पाहिजे, मध्ये. हे कुणी सांगत नाही. पुढे दोघे भाऊ, इंद्रजीत नसेल तर पुढची सीट पाहुण्याची, पाहुणा नसेल तर पिशव्यांची. मागे एका खिडकीला आजी, दुसऱ्या खिडकीला मुलगी, आणि मध्ये, जिथे खाली जमिनीला उंचवटा असतो आणि पाय धड कुठेच ठेवता येत नाहीत, तिथे वैजयंती. लग्न झालं तेव्हा या घरात जीप होती, नंतर एक छोटी गाडी आली, नंतर ती दुसरी, जिचं त्या रस्त्यावर जे व्हायचं ते झालं. गाड्या बदलल्या, तिची जागा बदलली नाही. तिथून दोन्ही पुढच्या सीटच्या फटीतून रस्ता सरळ समोर दिसतो. चालकाच्या खालोखाल गाडीतलं सगळ्यात चांगलं दृश्य मधल्या सीटवरच्या माणसाला दिसतं. ते दिसून उपयोग काय, हा प्रश्न वेगळा.

ती आत सरकली. तापलेल्या रेक्झिनचा आणि कसल्याशा गोड अत्तराचा वास नाकात बसला. शिवराज ज्याला लेदर म्हणत होता ते कव्हर होतं, मागच्या सीटवर एकसंध ताणून चढवलेलं, रेघारेघांच्या शिवणीचं. तिचा हात सवयीने कमरेशी गेला. कुलूप नव्हतं. शेजारी वैष्णवीचा उजवा हातही तेच शोधत होता, हे तिला न बघता कळलं. सीट आणि पाठ यांच्यामधल्या फटीत तिने बोटं घातली. शेंगदाण्याचं एक फोलपट, कुणाची तरी केसांची पीन, वाळूसारखी कसलीशी भुकटी. त्याखाली, कव्हरच्या कापडाखाली, बोटांना एक चौकोनी कठीण गाठ लागली. कुलूप होतं. तिन्ही कुलुपं होती. कव्हर शिवणाऱ्याने ती आत ठेवून वरून शिवलं होतं, म्हणजे बसणाऱ्याला टोचू नयेत.

"काय शोधाय लागलाय दोघी मायलेकी?" बजाबाईंनी विचारलं.

"पट्टा, आत्या."

"मागं कशाला गं पट्टा? आपून काय इमानात बसलोय व्हय?"

पुढे इंद्रजीत खदखदून हसला. त्या आधीच्या गाडीतही असंच कव्हर होतं. अगदी असंच, फक्त रंग तांबडा. ते नवी पेठेतून शिवून आणलं तेव्हा दोन दिवस सगळे त्यावरून हात फिरवत होते. तिने तेव्हाच म्हटलं होतं, बकलांना भोकं ठेवायला सांगा. शिवराज म्हणाला होता, सांगतो. पुढल्या महिन्यात म्हणाला, सांगतो. मग दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत करमाळ्याला देवीला जाऊन यायचं ठरलं, कमळाभवानीला, आजींचा नवस होता, आणि बकलं तशीच आत राहिली. दर्शन झालं, ओटी भरली, बजाबाईंच्या भाचीकडे जेवण झालं, दिवस कलला. निघायला सगळे गाडीत बसले. शिवराजने किल्ली फिरवली आणि ती मागून म्हणाली, "अहो, निदान तुम्ही तरी पट्टा लावा की." एवढंच. तेवढ्यावर बजाबाईंनी तिच्या मांडीवर हात आपटला होता. "जाताना मागनं टोकू नगं गं! किती येळा सांगायचं?" निघणाऱ्या माणसाला मागून बोलायचं नाही, कुठे चाललात विचारायचं नाही, थांबवायचं नाही, हा त्या घरातला नियम होता. तिच्या माहेरीही थोडाफार होता. पण इथे तो कडक होता. शिवराजचे वडील, कुंडलिकराव, टोकलं म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येऊन, पाणी पिऊन, पुन्हा निघायचे. त्या दिवशी शिवराज परत फिरला नाही, पाणी प्यायला नाही. त्याने पट्टाही लावला नाही.

जेऊर सोडल्यावर अंधारून आलं होतं. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. पुढे इंद्रजीतने कसल्याशा गाडीचा विषय काढला होता. शिवराज म्हणाला, थांब, फोटो दाखवतो, आणि डाव्या हाताने मोबाइल उचलला. त्याचा अंगठा काचेवर वर-वर सरकत होता. तिला ते आत्ताही दिसतं: त्याच्या हनुवटीवर पडलेला निळसर उजेड, त्या उजेडात बघायला सीटच्या मधल्या फटीतून पुढे झुकलेली वैष्णवी, दोन्ही सीटच्या मध्ये घातलेला तिचा डावा हात, "पप्पा, ती लाल, ती लाल दाखवा की काकांना." आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, सरळ समोर, अंधाराहून जरा जास्त काळं असलेलं काहीतरी, ज्याला मागे दिवा नव्हता, लाल चकती नव्हती, आणि जे हलत नव्हतं. "अहो, ट्रॉली!" ती ओरडली. ती ओरडल्यावर त्याने वर बघितलं. वर बघितल्यावर त्याने ब्रेक दाबला. याच क्रमाने. हा क्रम तिने नंतर इतक्या वेळा तपासला होता की त्यात चूक असणं शक्य नव्हतं. ब्रेक लागला म्हणून गाडी ट्रॉलीखाली न जाता तिच्या कोपऱ्याला घासून रस्त्याकडेच्या चारीत गेली. इंद्रजीतचं कपाळ फुटलं, शिवराजच्या बरगड्या दुखावल्या, आजींना काही झालं नाही, ती स्वतः दोन्ही सीटच्या पाठींवर आदळली आणि तिच्या दोन दातांचे तुकडे पडले. वैष्णवीचा हात सीटच्या लोखंडात अडकून उलटा फिरला. त्याचा आवाज झाला होता. तो आवाज ऐकलेलं माणूस गाडीत एकटं तीच होती, कारण बाकी सगळे ओरडत होते.

त्यानंतर जे झालं ते धडकेहून सावकाश झालं, आणि म्हणून तिला थांबवता आलं असतं असं कुणालाही वाटेल. दवाखान्यातच बजाबाई कुणाला तरी म्हणाल्या, "निघतानाच टोकलं हुतं. माज्या मनात तवाच पाल चुकचुकली." भेटायला आलेल्यांनी माना डोलावल्या. आठ-पंधरा दिवसांत वाक्य लहान झालं: "वैजंतानं टोकलं हुतं." मग त्याला जोड मिळाली: "आन्‌ पुन्हा ऐन टायमाला किंचाळली, त्यो दचकला." होळीपर्यंत ते विनोदाचं झालं. अकलूजला लग्नात इंद्रजीतने मांडवात उभं राहून ते रंगवून सांगितलं, कपाळावरची खूण दाखवत: "आमच्या वहिनी फिजिक्सच्या. पण एवढी ताकद कुठल्या फिजिक्समधी न्हाय बगा, तोंडातनं सबूद निघाला की गाडी चारीत!" लोक हसले. तीही हसली, कारण दात नवे बसवले होते आणि न हसणं जास्त दिसलं असतं. शिवराज त्या हसण्यात नव्हता. तो पानसुपारीच्या तबकाकडे बघत होता. त्याने एकदाही "तिने टोकलं" असं स्वतः म्हटलं नव्हतं. तो फक्त म्हणू देत होता. मोबाइल हा शब्द कुणीच उच्चारला नाही. इंद्रजीतने नाही, कारण फोटो त्याच्यासाठी शोधला जात होता. आजींना दिसला नव्हता. आणि तिने नाही, कारण आधी त्याच्या बरगड्या दुखत होत्या, मग वैष्णवीचं ऑपरेशन होतं, मग व्यायामासाठी रोज रिक्षाने नेणं होतं, मग एवढे दिवस गेले होते की आता काढणं म्हणजे उकरणं झालं असतं. शाळेच्या खो-खो संघातून वैष्णवीचं नाव गेलं. खांबाला धरून वळायला हात सरळ लागतो. कधीतरी संध्याकाळी ती तो वाकडा हात भिंतीला लावून हळूहळू दाबत बसते, ओठ मिटून, आणि तो त्याच कोनाला येऊन थांबतो.

"चला, एक राउंड मारू," शिवराज म्हणाला आणि चालकाच्या सीटवर बसला. मुबीनभाईने किल्ली दिली, "भाऊ, आरामसे," म्हणाला. इंद्रजीत शेजारी बसला, त्याने मुकाट खांद्यावरून पट्टा ओढून लावला. त्याच्या कपाळावरची खूण त्याला तेवढं शिकवून गेली होती, बोलून दाखवण्याइतकं नाही. शिवराजचा हात वाघाच्या तोंडावर पडला आणि तिथेच विसावला. गाडी वाजली नाही. किती शांत गाडी आहे, असं कुणालाही वाटलं असतं. वैजयंतीने तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं. कदाचित तेच, पट्टा लावा, दुसरं काय. तेवढ्यात तिच्या मनगटावर बोटं येऊन बसली. गार, थोडी ओली. वैष्णवी तिच्या कानाशी झुकली होती.

"मम्मी," ती कुजबुजली, "तू आता काही बोलू नको हं. प्लीज."

तिने लेकीकडे बघितलं. वैष्णवी चिडली नव्हती, तिला आईची लाजही वाटत नव्हती. ती घाबरली होती. आईच्या तोंडातून शब्द निघेल आणि गाडी चारीत जाईल, याला ती घाबरली होती.

गाडी रस्त्याला लागली. सैफुलची वस्ती मागे पडली, दुकानं विरळ झाली. एसीची गार हवा पुढच्या दोघांवर पडत होती आणि मागे नुसता तिचा आवाज येत होता. वैजयंती सरळ समोर बघत बसली. तिच्या आत जे पेटलं होतं त्याला पहिल्यांदा तिने राग म्हटलं नाही. ते काय आहे ते नीट बघावं असं तिला वाटलं. सासूबाईंवरचा राग असा नव्हता. त्या ज्या जगात वाढल्या तिथे शब्दाने गाड्या उलटतात, ते त्यांचं प्रामाणिक होतं. इंद्रजीतवरचा राग मांडवातच हसण्याबरोबर गिळून झाला होता. पण या मुलीने बघितलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी, त्या निळ्या उजेडात, हातभरावरून. ती लाल दाखवा की. त्या उजेडाची साक्षीदार गाडीत जर कुणी असेल तर ती, आणि सव्वादोन वर्षांत या माणसांनी तिच्या डोळ्यांतून ते काढून घेतलं होतं आणि त्या जागी आईचं तोंड बसवलं होतं. कुणी तिला खोटं सांगितलं नव्हतं. नुसतं हसत राहिले होते. वर्गात दर जूनमध्ये वैजयंती पेल्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर नाणं ठेवून टिचकी मारते, पुठ्ठा उडतो, नाणं पेल्यात पडतं, मुलं टाळ्या वाजवतात, आणि ती सांगते, आधी बघा, मग कारण शोधा, आणि जे बघितलं ते कारणासाठी बदलू नका. परक्यांच्या मुलांना. आणि तिच्या घरात, तिच्या ताटात जेवणारी मुलगी एक वाकडा हात घेऊन फिरते आणि तो हात आईने केला असं मानते, आणि तरीही आईवर प्रेम करते, आईला सांभाळून घेते, बोलू नको हं म्हणते. हे सांभाळून घेणं तिला सहन होईना. याला रागच म्हणतात, तिने ठरवलं. दुसरा शब्द नाही.

"पिकप बग की, दादा," इंद्रजीत म्हणाला. "दाब जरा."

नांदणीच्या दिशेने रस्ता मोकळा होता, मोकळा म्हणजे अधूनमधून कर्नाटकातला एखादा मालट्रक. शिवराजने दाबलं. सीटने त्यांना मागे खेचलं, बजाबाई "आगं आई" म्हणून हसल्या, छताच्या काचेतून उन्हाचा चौकोन येऊन वैष्णवीच्या मांडीवर पडला. आणि शिवराजच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने एका हाताने तो काढला. नाव बघितलं. बंद केला. मग पुन्हा काचेवर अंगठा टेकवला, का कोण जाणे, मेसेज असेल. पुढे एक टँकर होता. त्याचे मागचे दिवे लागले होते, लाल, स्वच्छ, दिवसाढवळ्या दिसतील असे. तो थांबत होता. वैजयंतीला ते दिसलं. तिच्या घशापर्यंत शब्द आला. मनगटावरची बोटं आवळली, आणि ती बोलली नाही. ती बोलली नाही, आणि टँकर मोठा मोठा होत गेला, आणि मग इंद्रजीत अगदी साध्या आवाजात म्हणाला, "दादा, पुढं." शिवराजने वर बघितलं, सहज ब्रेक दाबला, गाडी टँकरच्या मागे, बऱ्यापैकी अंतरावर, उभी राहिली.

"ब्रेक लई भारी हाईत," इंद्रजीत म्हणाला.

"बघितलंस का वैजू? नवी काय वेगळं करणार होती?"

पुढून बोललेलं टोकणं नसतं. तिला हसू आलं, आणि ते हसू तोंडात कडू झालं. वैष्णवीने तिच्या मनगटावरची बोटं सैल केली आणि तिला हलकेच थोपटलं. शाबास, म्हणत असावी. आई बोलली नाही, म्हणून काही झालं नाही. एका पोरीच्या डोक्यात आत्ता, या क्षणी, पुरावा जमा झाला होता. आणि तो पुरावा वैजयंतीने स्वतःच्या तोंडाने, म्हणजे ते मिटून, दिला होता. टँकर थोडा जवळ असता तरी तिने असंच तोंड मिटलं असतं का? परतीच्या सगळ्या वाटेवर ती स्वतःला हे विचारत राहिली, आणि दर वेळी वाघाच्या झिजलेल्या नाकावर ठेवलेला तो हात बघत राहिली. हाताला केस होते, घड्याळाचा पांढरा पट्टा उमटला होता, एका बोटात पोवळ्याची अंगठी. याच हाताने ऑपरेशनच्या रात्री तिच्या केसांवरून फिरून "माफ कर" म्हटल्यासारखं काहीतरी केलं होतं. म्हटलं मात्र नव्हतं. त्या म्हटल्यासारख्यावर ती इतके दिवस राहिली होती.

आवारात परत आल्यावर सगळं भराभर झालं. इंद्रजीत आणि मुबीनभाई शेडच्या कोपऱ्यात जाऊन बैलबाजारात हातावर रुमाल टाकून सौदा करतात तसे जवळ उभे राहिले आणि हसत परत आले. "हो गया, अम्मा," मुबीनभाई म्हणाला. "आपकीच गाडी."

"अहो, पण शोरूममध्ये आपण शनिवारी जाणार होतो..." वैजयंती म्हणाली.

"शोरूम कुठं पळून जातंय?" शिवराज म्हणाला. "वैजू, ही पुढच्या रविवारी दुसऱ्याची झालेली असेल. आणि कव्हर काढून घेऊ तुला पाहिजे तर. सांगतो त्याला."

सांगतो. तोच शब्द, तशाच आवाजात.

बजाबाईंनी पिशवीत हात घातला. त्या घरातूनच सगळं घेऊन निघाल्या होत्या: नारळ, हळद-कुंकवाची पुडी, चार लिंबं. म्हणजे त्यांना सकाळीच माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. वैजयंतीने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, कारण ते सुनेने काढायचं असतं. कुंकू तापलेल्या पत्र्यावर बोटाला चिकटत होतं. इंद्रजीतने चारी चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला, पाणी सिमेंटवर सांडलं आणि बघता बघता वाळलं. मग सगळ्यांना गाडीत बसायचं होतं, कारण लिंबांवरून पहिल्यांदा गाडी जाताना घरचं माणूस खाली राहिलेलं चालत नाही. बजाबाई डावीकडे. वैष्णवी दार धरून थांबली, आणि वैजयंती मध्ये जाऊन बसली. तिने पाय उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले. पुढे दोन डोकी, मध्ये फट, फटीत रस्ता.

शिवराजने डोळे मिटून स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. वाघ जागच्या जागी होता, म्हणून दुसरं काहीच वाजलं नाही.

"थांबा," वैजयंती म्हणाली.

"टोकू नगं गं, बाई!" बजाबाईंचा हात तिच्या मांडीवर आपटला. "लिंबावर चाक हाय!"

"मम्मी," वैष्णवी म्हणाली, आणि तिची बोटं पुन्हा मनगटावर आली. वैजयंतीने ती झटकली नाही. तिने आपला दुसरा हात त्यांच्यावर ठेवला.

"टोकतेय, आत्या. मुद्दाम टोकतेय." तिचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जावा तेवढाच होता. "वैशू, त्या दिवशी पप्पांच्या हातात काय होतं?"



"काय काढलंस हे आता?" शिवराज आरशातून म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. वैशू, लाल गाडी दाखवा म्हणालीस. कशात होती ती लाल गाडी?"

वैष्णवीचे ओठ हलले. ती आरशातल्या बापाच्या डोळ्यांकडे बघत होती, मग आपल्या वाकलेल्या हाताकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी फार लांबून येऊ लागलं. "मोबाइलमध्ये," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, जसं काही पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नव्हतं, "पप्पा मोबाइलमध्ये बघत होते."

इंद्रजीतने खिडकीबाहेर बघितलं. मुबीनभाई शेडखाली फुटलेल्या नारळाची वाटी हातात धरून, ती कुणाला द्यावी ते न कळून उभा होता. बजाबाई एकदा मुलाच्या मानेकडे आणि एकदा सुनेकडे बघत होत्या, आणि मांडीवरचा त्यांचा हात हळूच त्यांच्याकडे परत गेला.

शिवराजने इंजिन बंद केलं. तो मागे वळला नाही. समोर बघतच तो समजुतीच्या, थकलेल्या आवाजात म्हणाला, "बरं. बरं बाई. नवी पाहिजे ना तुला? तसं सांग की सरळ. जाऊ शोरूमला, आत्ता जाऊ. नवी घेऊ."

"नवी घ्या, नाहीतर हीच घ्या," वैजयंती म्हणाली. "तुम्ही चालवणार असाल, तर त्या गाडीत मी बसणार नाही आणि माझी मुलगीही बसणार नाही."